मेंढ्यांवाले अंकल

शनिवारी सकाळी जाग आली तरी मी लगेच डोळे उघडायची नाही. डोळे उघडले की सगळं पुन्हा सुरू होणार, अशी एक भीती असायची. जुरोंग ईस्टच्या त्या फ्लॅटमध्ये माझी खोली स्वयंपाकघराला लागून होती, त्यामुळे मी उठायच्या आधीच घर कानांतून आत यायचं. काकूंचा कुकर, वरच्या मजल्यावर कुणीतरी गोट्या सोडल्यासारखा टकटक आवाज, लांबून वळण घेणारी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आणि काका अंघोळ करून हळू आवाजात म्हणत असलेली वंदना. तो गोट्यांचा आवाज इथल्या बहुतेक इमारतींत येतो आणि कशाचा ते कुणालाच माहीत नसतं. आता माझ्या स्वतःच्या फ्लॅटमध्येही येतो. परवा मुलीला म्हटलं, ऐक, तर ती म्हणाली, "That one normal lah, Mummy," आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेली.

वानखेडेकाका मूळचे नागपूरचे, वन-नॉर्थ भागातल्या एका संशोधन कंपनीत होते. माझ्या पुण्याच्या एका सरांच्या ओळखीने त्यांनी मला ठेवून घेतलं होतं. बदल्यात मी त्यांच्या मैत्रेयीला मराठी शिकवायची. ती बाराखडीची एक ओळ म्हणायची आणि "Can already, Didi" म्हणून पळून जायची. काकूंना वाटायचं की मी वाळून चालले आहे. त्या लिटिल इंडियातून ज्वारीचं पीठ आणायच्या, ते जुनं निघायचं, भाकरी थापताना कडेने फाटायची आणि त्या पिठालाच बोलायच्या. शनिवारी पाटवडीचा रस्सा असायचा. त्याचा तिखट वास पॅसेजमधून शेजारच्या चिनी आजींच्या दारापर्यंत जायचा आणि त्या दार उघडून नुसत्या हसायच्या.

"आजही जाऊन राहिली का तू त्या मेंढ्यांवाल्या अंकलकडे?" काकू विचारायच्या. "एक दिवस तरी झोप न गं."

मी हो म्हणायची आणि जायची.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. खरं तर घर म्हणावं असं घरही आम्हाला वर्षातले काही महिनेच असायचं. आई आणि आप्पा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर माणदेशातून निघायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. मी वसतिगृहात राहून शिकले, मग शिष्यवृत्तीवर इथे, या बेटाएवढ्या देशात आले. वर्गातल्या मुलांना एकदा वाचून जे समजायचं ते मला दोनदा, तीनदा वाचावं लागायचं, आणि समजलं तरी ते समजलंय की नाही याची खात्री नसायची. त्या काळाचा विचार केला की मला अभ्यासक्रमातलं काही आठवत नाही, फक्त डोळ्यांच्या मागे सतत असलेला एक ओझ्यासारखा शीण आठवतो. विद्यापीठाच्या सूचनाफलकावर एकदा चिठ्ठी दिसली की ईस्ट कोस्टला राहणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना आठवड्यातून एकदा त्यांचं बोलणं टाइप करून देणारं कुणीतरी हवं आहे. मी गेले ते केवळ टाइप करायला समजावं लागत नाही म्हणून.

ते गृहस्थ स्कॉटलंडचे होते. मुलगी फिओना इथे बँकेत होती आणि आई गेल्यावर तिने वडिलांना आपल्याकडे आणलं होतं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, मला आर्ची म्हण, सगळे म्हणतात. मला ते जमेना. आप्पांपेक्षा वयाने कितीतरी मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे जीभच वळेना. शेवटी मी इथले सगळे टॅक्सीवाल्यांना आणि हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीतल्या कॉफीवाल्यांना म्हणतात तसं 'अंकल' म्हटलं. ते पुष्कळ वेळ हसले. म्हणाले, पार्लमेंटमध्ये मला बरंच काही म्हटलं गेलं, पण हे कुणी म्हटलं नव्हतं.

तर, ते पार्लमेंटमध्ये होते. त्याआधी मेंढपाळ होते. म्हणजे आपल्यासारखे फिरते नव्हेत, त्यांची डोंगरात शेती होती, पण त्या शेतीत मेंढ्यांशिवाय फार काही पिकत नव्हतं. वडील लवकर गेले म्हणून शाळा सुटली. मग एके वर्षी त्यांच्या खोऱ्यात येणारी एकुलती बस बंद झाली. म्हातारी माणसं दवाखान्यात कशी जाणार, हे विचारायला ते एका सभेत उठून उभे राहिले, अंगावर तेच मेंढ्यांच्या वासाचे कपडे होते, आणि बोलून खाली बसले तेव्हा लोकांनी त्यांना धरून ठेवलं, निवडणुकीला तुम्हीच उभे राहा म्हणून. आधी तिथल्या कौन्सिलवर गेले, मग लंडनला. आठवडाभर लंडन, रात्रीच्या गाडीने घर, रविवारी लोकांच्या तक्रारी, पुन्हा गाडी. अशी पुष्कळ वर्षं. मग एका निवडणुकीत हरले, आणि ते हरणं सांगताना त्यांच्या आवाजात मला दुःख ऐकू आलं नाही, नुसता थकवा ऐकू आला. तो मला ओळखीचा वाटला.

हे सगळं नातवंडांसाठी लिहायचं होतं. आम्ही बाल्कनीत बसायचो. समोर समुद्र आणि नांगर टाकलेली जहाजं. सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी. अंकल म्हणाले होते की वारं सुटलं की मेंढ्याही अशाच, सगळ्या वाऱ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, आमच्यासुद्धा. तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की मी कुणाची मुलगी आहे, आणि त्या दिवशी एक ओळही टाइप झाली नाही.

पण त्यानंतरही मी प्रश्न विचारायची ते मोठ्या गोष्टींचे. पार्लमेंटमध्ये पहिलं भाषण कसं केलं, कायदा कसा होतो. मला वाटायचं तेच महत्त्वाचं. मध्येच कधी विचारलं की तुम्ही लंडनला असताना मेंढ्या कोण बघायचं, तर ते म्हणायचे, "इशबेल बघायची," आणि पुढे जायचे. इशबेल म्हणजे त्यांची बायको. वीण आली, बर्फात कळप अडकला, कुत्रं मेलं, सगळ्याला तेच उत्तर. मी ते तसंच टाइप करायची.

त्याच दिवसांत घरून फोन येऊ लागले. आमच्या भागाची पंचायत समितीची जागा महिलांसाठी राखीव झाली होती आणि तालुक्याचे पुढारी आप्पांच्या मागे लागले होते की वहिनींना उभं करा. त्यांना आमच्या समाजाचं एक नाव हवं होतं. नाव आईचं, काम आप्पांचं. आमच्याकडे हे इतकं ठरलेलं होतं की पुढारी बोलायला आले तेव्हा आई चहा करत होती आणि आप्पा बोलत होते, आणि मला फोनवर सांगतानाही आप्पा म्हणाले, "मी उभं ऱ्हावं का न्हाई, तू सांग. तू शिकलीयास."

उभं राहायला कारण होतं. वनखात्याने आमच्या वाटेवरचं एक मोठं कुरण बंद केलं होतं, आणि तिथे शिरलं की मेंढरं अडकवून ठेवायचे. आपलं कुणीतरी आत बसलं तर बोलता येईल. पण बैठकांना जायचं तर मेंढरांमागे चालायचं कोण? पुढारी म्हणत होते की मेंढरं विकून टाका आणि गावात राहा. मेंढरं विकणं म्हणजे काय, हे मी इथे कुणाला समजावून सांगू शकले नसते. आप्पांच्या आज्यापासूनचा कळप तो. आणि आमच्या घरातली रीत अशी की एकदा सगळा कळप विकला की पुन्हा दारात मेंढरू आणायचं नाही. तो शेवटच.

मी उत्तर द्यायचं टाळत राहिले. फोन आला की परीक्षा आहे म्हणायची. शेवटी एका शनिवारी अंकलना सगळं सांगितलं, कारण त्यांच्याइतका अनुभव असलेला माणूस मला दुसरा माहीत नव्हता. ते म्हणाले, तुझ्या वडिलांना फोन लाव, मी बोलतो.

फिओनाने टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावला. आईआप्पांचा तळ तेव्हा बारामतीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या रानात होता, खतासाठी मेंढरं बसवली होती. आप्पांच्या आवाजाच्या आधी मेंढरांचा आवाज आला. अंकल खुर्चीत सरळ झाले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला मला दुभाष्याचं काम झेपेना. अंकलचे उच्चार मला सवयीने कळायला लागले होते, पण आप्पांचे खुरांच्या रोगाचे शब्द मला इंग्रजीत येत नव्हते आणि अंकलचे मराठीत. तरी त्यांचं जमलं. दात किती, लोकर कशी, कोल्हा तुमच्याकडेही येतो का. अंकलनी सांगितलं की त्यांची कुत्री शिट्टीवर कळप वळवून आणतात. आप्पा म्हणाले, "कुत्र्याचं ऐकत्यात? आमची तर माझंबी ऐकत न्हाईत." मी ते सांगितल्यावर अंकल इतके हसले की त्यांना खोकला आला आणि फिओना पाणी घेऊन आली.

मग आप्पांनी मुद्द्याला हात घातला. त्यांना विचार, म्हणाले, मेंढरं सोडून खुर्चीवर गेल्यावर मानसाचं काय होतं?

अंकल जहाजांकडे बघत राहिले. मग म्हणाले की त्यांना आपली प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखू यायची, कानावरची खूण बघावी लागत नसे. लंडनला जायला लागल्यावर एका वसंतात ते विणीच्या दिवसांत घरी आले आणि कुंपणाशी उभे राहिले, तर त्यांना एकही ओळखू येईना. इशबेल शेजारी उभी होती. तिने एकेकीची ओळख करून दिली, पाहुण्याला करून द्यावी तशी.

आप्पा म्हणाले, "अरारा." त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

नंतर अंकलनी मला सहज विचारलं, ती जागा कसली आहे, तुझ्या वडिलांना मतं मिळतील का. मी म्हटलं, जागा महिलांसाठी राखीव आहे, त्यामुळे अर्ज आईचा असेल, ती निवडून येईल, पण कामकाज आप्पा बघतील. मी हे अगदी सरळपणे सांगितलं. त्यात काही समजावण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. मी स्वतः मुलगी, एकटी समुद्र ओलांडून शिकायला आलेली, आणि तरीही.

अंकलनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना वाटलं माझ्या इंग्रजीत काहीतरी चुकलंय. पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

"मग मी ह्यांच्याशी का बोलतोय?" ते म्हणाले.

मला हे आप्पांना कसं सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, आप्पा, त्यांना आईशी बोलायचंय. पलीकडे थोडी गडबड ऐकू आली. आप्पा हाक मारत होते आणि आई लांबून विचारत होती की माझं काय काम. ती कोकरं डालग्याखाली, बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकत होती. फोन हातात आल्यावर ती पहिलं काय बोलली असेल, तर "जेवलीस का?"

अंकलनी तिला 'मॅडम' म्हटलं. म्हणाले, मला तुम्हाला एकच विचारायचंय. तुम्हाला ही जागा हवी आहे का?

मी विचारलं. आई म्हणाली, "ह्यांना इचार की."

अंकल म्हणाले, त्यांना विचारून झालं. आणि मग ते थांबून राहिले. अडलेल्या मेंढीजवळ माणूस जसा नुसता बसून राहतो, घाई न करता, तसे. फिओना दारात उभी होती. स्पीकरमधून फक्त मेंढरांचा आवाज येत होता. मला वाटलं आई फोन ठेवून देईल. मला तेच बरंही वाटलं असतं कदाचित. पण थोड्या वेळाने अंकलच पुन्हा बोलले. मी उभं राहायचं ठरवलं तेव्हा माझी बायको चहा ओतत होती, म्हणाले. मी तिला सांगितलं की मी उभा राहतोय. ती 'बरं' म्हणाली आणि किटली खाली ठेवली. तिला काय हवं होतं ते मला अजून माहीत नाही.

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "कसली गं बया ती, काहीच बोलली न्हाई?" मग वेगळ्याच आवाजात, मला ठाऊक नसलेल्या आवाजात, म्हणाली, "त्यास्नी सांग. वनखात्याची मानसं येत्यात तवा गडी मागं सरत्यात, कारन गड्याला ती मारत्यात. म्होरं मी जाते. मेंढरं मी सोडवून आनते. रानाच्या मालकासंगं धान्याचं मी ठरवते. आजवर बोललंय कोन? तुझ्या बापाला इचार."

मी विचारायची गरज नव्हती. मागून आप्पांचा आवाज आला, "बोलती तीच. ते खरं हाय."

"मग बसले तर मीच बसंन," आई म्हणाली. "ह्यांनी माझ्या मागं खुर्ची टाकून बसायचं न्हाई. आन मेंढरं इकायची न्हाईत. ह्ये हायेत की."

"म्हंजे वाघर मी एकट्यानं लावायची?" आप्पा म्हणाले. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावतो ते जाळीचं कुंपण. दोन माणसांनी ताणावं लागतं.

"मी लावलीच की इतकी वर्सं. तुमी इडी वढत बसायचा."

हे सगळं मी शब्दाला शब्द अंकलना सांगितलं. शेवटच्या वाक्याला फिओनाच आधी हसली. अंकल हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि मला वाटलं की झोप लागली. मग म्हणाले, आज टाइप करू नकोस, घरी जा, तूही दमलेली दिसतेस. मी अंकलच्या घराजवळच्या बेडोक स्टेशनवरून गाडीत बसले आणि जुरोंग ईस्ट येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नुसती खिडकीबाहेर बघत होते. आता त्या बाजूला नवी लाइन झाली आहे, कुणी तसं जात नाही.

पुढच्या शनिवारी अंकल म्हणाले, आपण पुन्हा पहिल्यापासून लिहायचं. मी नवीन पान उघडलं. बराच वेळ त्यांना सुरुवात सापडेना. इशबेलचं माहेर कुठलं होतं, ती शाळेत किती शिकली होती, हे त्यांना फिओनाला विचारावं लागलं, आणि तिलाही सगळं माहीत नव्हतं. ते लेखन पुरं झालं नाही. वर्षभराने ते गेले. शेवटची पानं अर्धवट वाक्यांची होती, ती मी फिओनाला तशीच दिली.

आई उभी राहिली. पुढाऱ्यांना तिच्या अटी कळल्यावर त्यांनी दुसरं घर शोधलं, तेव्हा ती त्यांच्याशिवाय उभी राहिली आणि मेंढपाळांच्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरून निवडून आली. हे मी मोठ्या अभिमानाने सांगत आले आहे आजवर, काकूंना, मैत्रिणींना, मुलीला. पण पुढचं सांगत नाही, ते इथे लिहिते. बंद कुरण एका उन्हाळ्यापुरतं उघडलं आणि परत बंद झालं. आई बैठकांना जायची, तिथे तिचं बोलणं शेवटी ठेवायचे, तोवर निम्मे लोक उठून गेलेले असायचे. ती तरीही बोलायची. संध्याकाळच्या एसटीने परत यायची आणि फोनवर तिचा आवाज इतका बारीक यायचा की मला अंकलची रात्रीची गाडी आठवायची. आप्पा मेंढरांमागे एकटे चालत राहिले. एक गडी ठेवला, तो पळून गेला. मग दुसरा. मग गुडघ्यांनी दगा दिला.

तिच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी, ती जिल्ह्याला एका बैठकीसाठी मुक्कामी गेलेली असताना, आप्पांनी कळप विकला. सगळा. व्यापारी टेंपो घेऊन तळावर आला आणि तासाभरात काम झालं. आई परत आली तर गुंडाळलेली वाघर आणि आप्पा, दोघंच रानात.

तिने मला फोन केला तेव्हा मी नोकरीला लागले होते, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलत होते. मला वाटलं ती रडेल, किंवा आप्पांना बोलेल. माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं. तिकडे मागे कसलाच आवाज नव्हता, आणि आईशी बोलताना मागे काहीच ऐकू येत नाही असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

"त्यांच्यानं हुईना झालं हुतं," ती म्हणाली. "दिसत हुतं मला. इचारलं असतं तर मी व्हय म्हनले असते."

मी विचारलं, आप्पा काय म्हणतायत. म्हणाली, निजलेत. कितीतरी दिवसांनी निजलेत, उठवत नाही. मग म्हणाली की सकाळची एसटी लवकर आहे, पाण्याच्या टँकरचा विषय आहे, जायला पाहिजे, आणि फोन ठेवला.